आत्याबाईच्या घशातला कागद

उद्या दुपारी वारा कुठून वाहील हे आज सकाळीच सांगून टाकणारी माणसं ज्या कचेरीत बसत, त्याच कचेरीतलं झेरॉक्सचं मशीन पुढचा कागद गिळणार की घशात धरून बसणार, हे मात्र कुणालाही सांगता येत नव्हतं. हवामान खात्याची ही एक लहानशी शाखा. पुढे रस्ता, मागे तळं, छपरावर वाऱ्याचा वेग मोजत गरगरणाऱ्या वाट्या आणि आत माणसं. वाट्या कधी थांबत नसत. माणसांचं तसं नव्हतं.

मशीनला सगळे आत्याबाई म्हणत. हे बारसं टायपिस्ट बाईंनी केलं होतं. "आमच्या आत्याबाई अश्शाच होत्या," त्या सांगत. "जेवायला बसायच्या, दोन घास नीट खायच्या आणि तिसऱ्याला रुसायच्या. मग घास तोंडात धरून बसायच्या. गिळायच्या नाहीत आणि टाकायच्याही नाहीत. सगळं घर भोवती उभं!" मशीनचंही अगदी तेच होतं. दोन कागद सुरेख बाहेर यायचे, तिसऱ्याला कर्रर्र असा आवाज व्हायचा, लाल दिवा लागायचा आणि सगळी कचेरी भोवती उभी राहायची. मग कुणी पुढचं झाकण उघडायचं, कुणी मागचं, आणि आतून घड्या पडलेला, पंख्यासारखा झालेला कागद निघायचा.

आत्याबाईच्या शेजारी, खिडकीला लागून काकांचं टेबल होतं. त्यांना पाठीमागे तंद्रीकाका म्हणत आणि तोंडावर नुसतं काका. काकांचं काम आकाश लिहिण्याचं. म्हणजे खिडकीतून बघायचं, आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, त्यातले किती ढगांनी झाकलेत ते ठरवायचं आणि रकान्यात आकडा टाकायचा. निरभ्र असेल तर शून्य, गच्च भरलं असेल तर आठ. छपरावर आपोआप सगळं मोजणारं नवीन यंत्र बसल्यापासून काकांचा हा रकाना कुठेच जात नव्हता. पण लिहिणं बंद करा असं काकांना कुणी सांगितलं नाही आणि बंद करू का असं काकांनीही कुणाला विचारलं नाही. सरकारी कचेरीत न विचारलेला प्रश्न म्हणजे मंजूर झालेला अर्जच.

ही खिडकी म्हणजे काकांचं सर्वस्व होतं म्हटलं तरी चालेल. तिच्या काचा कधीकाळच्या एका साहेबांच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या होत्या, त्यामुळे आकाश बघायचं तर ती उघडावीच लागे. काका सकाळी आल्या आल्या, पिशवी ठेवायच्याही आधी, दोन्ही दारं सताड उघडत. मग दिवसभर समोर तळं, तळ्यावर आकाश आणि शेजारी आत्याबाई. दुपारी तिच्या अंगाची ऊब यायची, झाकणाखालून हिरवट उजेड इकडून तिकडे सरकायचा, आणि त्या लयीत काकांचे डोळे अर्धे मिटायचे. खिडकीतला ढग आणि मशीनमधून येणारा कागद यांतला फरक पुसट व्हायचा. एकामागून एक कोमट, पांढरे, एकसारखे ढग ट्रेमध्ये येऊन पडताहेत असं त्यांना वाटायचं. यापेक्षा जास्त सुख त्यांनी कुणाकडे मागितलं नव्हतं आणि मागायचा विचारही नव्हता.

त्या सुखावर मॅडमनी एका सोमवारी घाला घातला.

मॅडम म्हणजे शाखेच्या प्रमुख. कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या की संपलं, अशा. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की रोज सकाळचं अर्धं काम या मशीनपायी बुडतंय. ते भंगारात काढायचं. नवीन येईल ते मोठं आहे, त्याला सगळा कोपरा लागेल. "काकांचं टेबल आतल्या खोलीत घ्या, जुने वायुभारमापक ठेवलेत तिथे."

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे एक दिवा होता आणि तो लावला की आधी थोडा वेळ विचार करी.

काका सभेत कधीच बोलले नव्हते. एकदा त्यांचं नाव चुकीचं वाचलं गेलं तेव्हासुद्धा त्यांनी त्या चुकीच्या नावाने हजेरी दिली होती. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले.

"मी दुरुस्त करतो."

सगळे वळून बघायला लागले. काकांनीही वळून मागे बघितलं, बोललं कोण ते पाहायला.

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या.

"हो. म्हणजे... आत्याबाई वाईट नाही मॅडम. तिला समजून घ्यायला पाहिजे."

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "ठीक आहे. पुढच्या सोमवारी सकाळी वार्षिक अहवालाच्या प्रती काढायच्यात. एकदाही न अडकता निघाल्या तर मशीन राहील आणि तुमचं टेबलही राहील. एकदा जरी अडकलं तर त्याच दिवशी दोन्ही हलवायचं."

स्टोअरवाले गृहस्थ लगेच उठून आतल्या खोलीचं दार किती रुंद आहे ते वितीने मोजून आले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना मोजायची सवय होती.

आता माणसाने नुसतं 'मी करतो' म्हणायचा अवकाश, सल्ल्यांचा पाऊस पडतो. टायपिस्ट बाई म्हणाल्या, "काका, तिच्याशी गोड बोला. मी बटण दाबण्याआधी तिच्या डोक्यावरून हात फिरवते." शिपाई म्हणाला, "मी सांगू? तिला उजवीकडून एक फटका लागतो. डावीकडून नाही हां, उजवीकडून." त्यामुळे काकांनी पहिले दोन दिवस आत्याबाईच्या डोक्यावरून हात फिरवून उजवीकडून फटका मारण्यात घालवले. तिने दोन्ही गोष्टी सारख्याच थंडपणे सोसल्या आणि तिसरा कागद घशात धरला.

मग मेकॅनिकला बोलावणं धाडलं. तो दुपारच्या चहाच्या सुमाराला उगवला. त्याने झाकणं उघडली, आत फुंकर मारली, बटण दाबलं. आत्याबाईने, पाहुणे बघायला आल्यासारखं, शहाण्यासारखं वागून दाखवलं. कागदांची चळत झरझर बाहेर.

"चालतंय की," मेकॅनिक म्हणाला.

"सकाळी अडकतं हो."

"आत्ता चालतंय ना?"

"आत्ता चालतंय."

"मग मी आत्ताच आलोय. सही करा." आणि जाता जाता म्हणाला, "कागद बदला. कागदात दोष आहे."

काका स्टोअरवाल्यांकडे गेले. स्टोअरवाल्यांचं टेबल म्हणजे एक लहानसा किल्लाच होता. ते म्हणाले, "कागद बदलायचा तर कागद खराब आहे असा मेकॅनिकचा लेखी दाखला पाहिजे." मेकॅनिक फोनवर म्हणाला, कागदाविषयी दाखला देणं त्याच्या कामात बसत नाही, तो फक्त मशीन खराब असल्याचा दाखला देऊ शकतो. तसा दाखला आणला तर मशीन भंगारात जाणार. काका रिसीव्हर हातात धरून बराच वेळ उभे राहिले. पलीकडून नुसताच टूंऽऽ असा सूर येत होता आणि तो त्यांना फार शांत वाटला.

इथे कागदाची एक गोष्ट सांगायला हवी. स्टोअरची खोली हल्लीच छपरावरच्या त्या नव्या यंत्राच्या रिकाम्या खोक्यांनी भरून गेली होती. खोकी फेकता येत नव्हती, कारण ती यंत्राबरोबर आलेली म्हणून दप्तरी चढलेली होती. त्यामुळे कागद बाहेर आला आणि खिडकीखालच्या कट्ट्यावर बसला. शिवाय स्टोअरवाले कागदाचं पाकीट बंद देत नसत. पाकीट फोडून, मोजून, सुटे कागदच मांडून ठेवायचे ही त्यांची शिस्त. बंद पाकिटात किती आहेत याची खात्री कोण देणार, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. तेव्हापासून कागदाची उघडी चळत काकांच्या कोपराशी, सताड उघड्या खिडकीखाली, तळ्याचा वारा खात पडून होती. हे सगळ्यांना दिसत होतं, आणि म्हणूनच कुणाला दिसत नव्हतं.

काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त घड्याळजी राहत. त्यांना जिन्यात ही हकीकत कळली आणि त्यांचे डोळे चमकले. "यंत्र म्हणजे यंत्र हो! घड्याळ काय आणि तुमचं ते काय, चाकंच ना शेवटी? मी येतो." ते शनिवारी, अर्ध्या सुट्टीनंतर, डोळ्याला भिंग लावूनच कचेरीत आले. आत्याबाईकडे त्यांनी आधी लांबून बघितलं, मग जवळून, मग कान लावून ऐकलं. मग एका पांढऱ्या कापडावर ते तिचा एकेक अवयव काढून मांडू लागले. काका शेजारी भाग सांभाळत बसले. पण समोर खिडकी होती आणि खिडकीत एक लांबट, अगदी विरळ ढग तळ्याच्या या काठावरून त्या काठावर निघाला होता. घड्याळजी "हे धरा," "हे आठवणीत ठेवा," म्हणत होते आणि काका "हो, हो," म्हणत होते. ढग पलीकडे पोचला तेव्हा मशीन पुन्हा जोडून झालं होतं आणि कापडावर एक स्प्रिंग उरली होती.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"ही कुठली?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला आठवणीत ठेवायला सांगितली होती ती."

घड्याळजींनी भिंग वर केलं. "असू द्या. घड्याळातही कधी कधी एखादा भाग उरतो. बनवणारे धास्तीने जास्तीचे घालतात." त्यांनी बटण दाबलं. दुपार होती. आत्याबाई स्प्रिंगवाचून पहिल्यासारखीच चालली, उलट आवाज जरा मऊ झाला. घड्याळजी विजयी मुद्रेने घरी गेले आणि जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले. काकांनी स्प्रिंग शर्टाच्या खिशात टाकली. संध्याकाळभर ती छातीशी टोचत राहिली.

नेमक्या त्या रविवारी कचेरीला हजेरी होती, कारण आकाश काही रविवारची सुट्टी घेत नाही आणि पाळी काकांची होती. सकाळी आत्याबाईने तिसरा कागद धरला. काकांनी झाकण उघडून तो काढला, त्याच्या घड्या हाताने सारख्या केल्या आणि घरी आणला. सोबत कागदाची एक चळतही पिशवीत घालून आणली. का आणली ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. हात टेकलेला माणूस काहीही घरी आणतो.

बायको इस्त्री करत होती. तिने पिशवीत डोकावून बघितलं.

"अहो, हे काय? ऑफिस घरी आणायला लागलात?"

"कागद वाकतात गं. सरळ राहत नाहीत. अडकतात."

"वाकतात तर इस्त्री करा." हे ती थट्टेने म्हणाली. पण काकांनी एक कागद इतक्या आशेने पुढे केला की तिचा नाइलाज झाला. तिने इस्त्री फिरवली. कागदातून चर्र झालं आणि पातळ वाफ निघाली.

"बघा, किती ओलसर आहेत तुमचे कागद," ती म्हणाली. "टॉवेल परवडले. कुठे ठेवता हे, न्हाणीघरात?"

काका ऐकत नव्हते. ते वाफेकडे बघत होते. ती इस्त्रीच्या टोकावरून उठली, दिव्यापर्यंत गेली, पसरली आणि नाहीशी झाली. काकांनी मनाशी आकडा टाकला: आठातला एक. मग ते एकदम उभे राहिले.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, टॉवेल परवडले."

"त्याच्या आधी."

"ओलसर आहेत म्हटलं. अहो, बसा! असे काय बघताय माझ्याकडे?"

काका बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे रोजची सकाळ उभी राहिली. ते खिडकी उघडतात. तळ्यावरचं धुकं जसं काही दाराशीच वाट बघत थांबलेलं असतं, ते उंबरा ओलांडून आत येतं, कट्ट्यावरच्या कागदांवर बसतं, आत्याबाईच्या ट्रेमध्ये शिरतं. काका बघतात, आणि त्यांना ते फार आवडतं. दुपारी ऊन चढतं, कागद वाळतो, मेकॅनिक येतो आणि सगळं चालतंय म्हणतो. हवेतला ओलावा मोजणारी कचेरी! दमट, कोरडं, किती टक्के, सगळं रोजच्या रोज फळ्यावर लिहिणारी माणसं! आणि ती हवा कचेरीच्या आतही येते, हे इतक्या दिवसांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या मते हवा ही छपरावर असते.

आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण मग त्यांच्या लक्षात आलं, आणि तोंडचं पाणी पळालं. कागद दुसरीकडे हलवता आला असता, पण आत्याबाईच्या पोटातल्या ट्रेचं काय? तिला हलवायचं तर विजेचा खटका त्या एकाच कोपऱ्यात होता. दुसरा हवा तर वीज विभागाला अर्ज, आणि त्यांनी मागच्या अर्जाला अजून पोच दिली नव्हती. उरला एकच उपाय: सकाळी खिडकी बंद, आणि सरकारी कचेरीत सकाळी बंद झालेली गोष्ट दुपारी कोण उघडतं! ज्या खिडकीसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच बंद. आणि बंद काचेतून दिसतो तो पांढरा रंग.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मग न सांगता राहा की," ती म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"उद्या मशीन अडकेल आणि टेबल आत जाईल. तिकडेही खिडकी नाही."

"आणि सांगितलंत तर?"

"टेबल राहील. खिडकी असेल, पण बंद."

"बाहेर जाऊन बघा आकाश. बाहेर काय कमी आहे का ते?"

"अगं, खिडकीतून आकाश बघतो तो निरीक्षक. बाहेर उभा राहून बघतो तो कामचुकार."

बायको हसली नाही. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. लग्न झाल्यापासून हा माणूस संध्याकाळी घरी यायचा तो कुठेतरी हिंडून आल्यासारखा, ताजातवाना होऊन. शेजारणींचे नवरे कचेरीतून चिडून येत, हा कधी चिडून आला नाही. कारण तिला ठाऊक होतं, आणि आजवर कधी बोलून दाखवायची वेळ आली नव्हती.

"तुमचं ते आकाश तिकडेच असलेलं बरं," ती म्हणाली. "इथे घरात कुठे ठेवू मी त्याला?" एवढं म्हणून ती ताटं उचलायला लागली. काकांना भरून आलं आणि ते पाणी प्यायले.

सोमवारी सकाळी उठून बघतात तो तिने सगळी चळत इस्त्री करून टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. तिची स्वतःची, तिच्या ऑफिसला नेसून जायची साडी तशीच चुरगळलेली खुंटीवर होती. काकांनी ते बोचकं तान्ह्या मुलासारखं पोटाशी धरलं आणि निघाले.

त्या दिवशी धुकं असं होतं की तळं कुठे आहे ते वासावरून ओळखावं. काकांनी सवयीने खिडकी उघडली होती. मॅडम अहवाल घेऊन आल्या. टायपिस्ट बाई आल्या आणि त्यांनी गुपचूप आत्याबाईच्या डोक्यावरून हात फिरवला. शिपाई उजवीकडे उभा राहिला, फटक्याची वेळ आली तर असावं म्हणून. स्टोअरवाले हातात दोरी घेऊनच आले.

"दोरी कशाला?" टायपिस्ट बाईंनी विचारलं.

"टेबलाचे खण बांधायला. वाटेत उघडतात."

"करा सुरू," मॅडम म्हणाल्या.

काकांनी टॉवेल सोडला. सगळ्यांना वाटलं, डबा आहे. आत कागद बघून स्टोअरवाल्यांचा चेहरा उतरला, कारण एवढा कागद कचेरीबाहेर गेलेला आणि त्यांना पत्ता नाही. काकांनी उबदार चळत ट्रेमध्ये घातली. धुकं उंबऱ्यावरून आत येत होतं, सावकाश, ओळखीच्या माणसासारखं.

"एक मिनिट, मॅडम," काका म्हणाले.

ते खिडकीशी गेले. शेवटचं बघून घ्यावं म्हणून बघितलं, तर धुक्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं. असं व्हायला नको होतं. निदान एखादा ढग तरी. ते जरा थांबले, पण धुकं काही हटेना, आणि मागे मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. काकांनी दोन्ही दारं ओढली आणि कडी घातली. खोली एकदम पांढरी, मंद झाली, सगळेजण एखाद्या ढगाच्या पोटात उभे असल्यासारखी. मग त्यांनी बटण दाबलं.

पहिला कागद आला. दुसरा आला. तिसऱ्याला सगळ्यांनी श्वास रोखून धरला. तोही आला, कोमट आणि सरळ. मग चौथा, पाचवा, आणि मग कुणी मोजेना. हिरवट उजेड जात होता, येत होता, आणि आत्याबाई मऊ आवाजात अख्खा अहवाल एका बैठकीत जेवून उठली.

टायपिस्ट बाईंनी डोळ्यांना पदर लावला. शिपायाने फटक्याचा हात खाली घेतला, थोडा निराश होऊन.

"काय केलंत?" ट्रेमधला उरलेला ताठ कागद चाचपत मॅडमनी विचारलं. "इस्त्री?"

इस्त्री म्हणून सुटता आलं असतं. काकांनी तसा विचारही केला. पण रोज सकाळी बायकोने सरकारी कागद इस्त्री करायचे आणि स्वतः चुरगळलेलं नेसून जायचं, हे काही त्यांच्या मनाला पटेना.

"खिडकी, मॅडम," ते म्हणाले. "सकाळची दमट हवा आत येते. कागद ओला होतो, म्हणून अडकतो. खिडकी मी उघडतो. बंद ठेवली की झालं."

मग मॅडमनी सावकाश भिंतीवरच्या फळ्याकडे बघितलं. तिथे शिपायाने मघाशीच, ठसठशीत अक्षरांत, सकाळची आर्द्रता लिहिली होती.

"आपलं हे हवामान खातंच ना?" त्या म्हणाल्या.

"हो मॅडम," सगळे एकदम म्हणाले.

"बाहेर कुणाला सांगू नका."

त्याच दुपारी आदेश निघाला की सदर खिडकी कायमची बंद ठेवावी. स्टोअरवाल्यांनी ती दोरी कडीला बांधून टाकली, तेवढीच उपयोगाला आली म्हणून. टेबल राहिलं, काका राहिले, आत्याबाई राहिली. सगळे म्हणाले, काका, जिंकलात! काका म्हणाले, हो.

पुढचे दिवस मात्र विचित्र गेले. आत्याबाई इतकी नीट चालू लागली की तिच्यापाशी कुणी थांबेना. पूर्वी कागद अडकला की टायपिस्ट बाई आपल्या आत्याबाईंच्या गोष्टी सांगत, शिपाई गावगप्पा करी, स्टोअरवालेसुद्धा कोपरापर्यंत बाह्या सारून हात घालायला येत. आता माणूस यायचा, बटण दाबायचा, कागद घ्यायचा आणि जायचा. काका पांढऱ्या काचेसमोर बसून असत. रकाना भरायची वेळ झाली की ते प्रामाणिकपणे लिहीत, 'आकाश दिसत नाही.' बाहेर लख्ख ऊन असे. तंद्री लागेना. खरं सांगायचं तर, काका पहिल्यांदाच कचेरीत पूर्ण जागे होते आणि त्यांना ते मुळीच सोसत नव्हतं. घरी गेले की बायको दार उघडून त्यांच्या तोंडाकडे बघे आणि चहा टाकी.

एका दुपारी, शनिवारचा तोच शर्ट अंगात असताना, छातीशी काहीतरी टोचलं. काकांनी खिशात हात घातला, तर ती स्प्रिंग. आत्याबाईच्या अंगातून उरलेली. ते ती बोटांत फिरवत बसले. शेजारी आत्याबाई कुणाचं तरी परिपत्रक काढत होती, उजेड सरकत होता, ऊब येत होती, आणि काकांचे डोळे किती दिवसांनी जरासे मिटले. हात आपला आपण हलत राहिला. जाग आली तेव्हा स्प्रिंगच्या टोकाने काचेवरचा रंग खरवडला गेला होता. फार नाही, शर्टाच्या बटणाएवढा. त्या बटणातून निळं दिसत होतं.

काकांनी इकडेतिकडे बघितलं. मग डोळा लावला.

आता सरकारी रंग खरवडणं हा गुन्हा होतो की नाही, हे इमारत विभागाला विचारावं लागलं असतं, आणि काका न विचारण्यात तरबेज होते. बटणाची वाटी झाली. वाटीची बशी झाली. रोज दुपारी थोडं थोडं, आत्याबाईच्या आवाजाखाली. शेवटी ते भोक चांगलं कागदाएवढं, चौकोनी झालं, आणि काकांनी कडा सरळ केल्या. नेमक्या त्याच वेळी मागे चप्पल वाजली.

"काका, हे काय आहे?" मॅडम उभ्या होत्या.

काकांनी स्प्रिंग मुठीत लपवली. आतली खोली, तो विचार करणारा दिवा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "खिडकी बंदच आहे, मॅडम," ते कसंबसं म्हणाले. "कडीला दोरीसुद्धा आहे."

मॅडमनी दोरी बघितली. मग त्या वाकल्या आणि काचेला डोळा लावला. पुष्कळ वेळ त्या तशाच वाकून होत्या. त्या स्वतः कधीकाळी आकाश लिहायच्या कामावरच खात्यात लागल्या होत्या, पण आता त्यांच्या खोलीत फक्त आकडे येत.

"दोन," त्या शेवटी म्हणाल्या.

काकांना राहवेना. "तीन, मॅडम. डावीकडे तो पातळ आहे ना, तोही धरायचा."

मॅडमनी पुन्हा बघितलं. "हो की. धरा तीन." त्या सरळ झाल्या. निघता निघता म्हणाल्या, "उद्या मी जरा सकाळी येईन. तुम्ही लिहायच्या आधी."

मॅडम सकाळी आल्या. त्यांचं बघून टायपिस्ट बाई आल्या, झेरॉक्स काढायला म्हणून, आणि कागद हातात पडल्यावर गेल्याच नाहीत. मग शिपाई आला. स्टोअरवाल्यांनी येऊन चौकोनाची लांबी-रुंदी वितीने मोजली आणि मग सावकाश डोळा लावला. आता रोजचंच झालंय ते. मशीन अडकत नाही, पण माणसं पुन्हा तिथेच अडकतात. परवा रकान्याची वेळ झाली म्हणून काका उठले, तर काचेशी टायपिस्ट बाई वाकलेल्या आणि त्यांच्यामागे शिपाई.

"बाई, जरा सरकता का? नोंद करायची आहे," काका म्हणाले.

"थांबा हो काका," टायपिस्ट बाई डोळा न काढता म्हणाल्या. "माझा ढग अजून तळ्यापलीकडे पोचला नाही."

इतकी वर्षं ज्याचं आकाश, त्याने नंबर लावायचा! काकांना अपमान वाटला. चांगलाच वाटला. पण आत्याबाई शेजारी ऊब देत मऊ आवाजात चालली होती, आणि ढग कुठवर आला ते टायपिस्ट बाई मोठ्याने सांगत होत्या. काकांनी पेनाचं टोपण काढलं, डोळे अर्धे मिटले आणि ते शिपायाच्या मागे उभे राहिले.